दिव्याच्या आवसेचे पाहुणे

पुण्यामुंबईचा मध्यमवर्गीय गृहस्थ पावसाळ्यात कोठे जातो, हे सांगायला ज्योतिषी नको. तो लोणावळ्याला जातो. भुशी धरणाच्या पायऱ्यांवर भिजतो, भाजलेले कणीस खातो, चिक्कीचे पुडे घेतो आणि सर्दी घेऊन घरी परततो. पिंपरी-चिंचवड त्याला वाटेत लागते. पण ते गाडीच्या काचेतून. चाकण त्याला ठाऊक असते ते कांद्याच्या भावापुरते, फार तर मोटारींच्या कारखान्यांपुरते. ‘तुमच्याकडे पाहण्यासारखे काय आहे हो?’ असे मला बाहेरगावचे स्नेही विचारतात, तेव्हा त्यांना अपेक्षित उत्तर असते ते ‘कारखाने’. मी सांगतो, ‘पतंग.’

‘म्हणजे संक्रांतीला यायला हवे!’

‘संक्रांतीला नव्हे. आषाढात या. अमावास्येला या.’

येथे स्नेह्यांची मुद्रा पाहण्यासारखी होते. भाषेचा मास्तर असल्यामुळे मला या घोटाळ्याची गंमत वाटते. आपल्या मराठीने आकाशात उडवायच्या कागदाला आणि दिव्यावर येणाऱ्या जिवाला एकच शब्द दिला आहे. संस्कृतात तर पतंग म्हणजे सूर्यही! रात्रीच्या या जिवाला सूर्याचे नाव कसे लाभले असेल? तो शब्द मुळात उडत जाणाऱ्याचा आहे. मग उडणारा सूर्य असो, पाखरू असो की किडा असो. फुलपाखराला मात्र आपण फूल आणि पाखरू असे दोन सुंदर शब्द जोडून दिले. एवढ्यावर भागले नाही. महाराष्ट्राने २०१५ साली एका निळ्या-काळ्या फुलपाखराला राज्याच्या मानचिन्हांत जागा दिली. ‘नीलवंत’ हे त्याचे नाव. पतंगाच्या वाट्याला असले काही आले नाही. त्याच्या वाट्याला झाडू येतो.

वास्तविक संख्येने पाहिले तर फुलपाखरे हे पतंगांच्या मोठ्या घराण्यातले एक लहानसे बिऱ्हाड आहे. भारतात फुलपाखरांच्या जाती साधारण तेराशे-चौदाशे. पतंगांच्या दहा हजारांवर. साऱ्या जगात पतंगांच्या जाती दीड लाखाच्या घरात जातात. फुलपाखरू पंख मिटून, उभे धरून बसते. पतंग बहुधा पंख पसरून किंवा छपरासारखे उतरते धरून बसतो. फुलपाखराच्या मिशांच्या टोकाला गाठ असते. पतंगाच्या मिशा दोऱ्यासारख्या नाहीतर पिसासारख्या. एवढी ओळख पहिल्या रात्रीला पुरते.

आमचे गाव हे गाव म्हणून फार जुने आणि शहर म्हणून फार नवे. पवनेच्या काठी मोरया गोसावींची समाधी आहे, इंद्रायणीच्या काठी देहू आणि आळंदी. चाकणला संग्रामदुर्ग आहे. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने शाएस्तेखानाच्या प्रचंड फौजेला तेथे दीड महिन्याहून अधिक काळ झुंजवले. मग १९५४ साली पिंपरीला पेनिसिलिनचा सरकारी कारखाना आला, साठीनंतर औद्योगिक वसाहत वाढली, १९८२ साली महानगरपालिका झाली आणि पुढे चाकणच्या माळावर मोटारी तयार होऊ लागल्या. या इतिहासात एक मौजेची नोंद आहे. पिंपरीच्या त्या कारखान्यातील शास्त्रज्ञांना एका सूक्ष्मजीवापासून बुरशीवरचे औषध मिळाले, आणि त्या जिवाच्या शास्त्रीय नावात त्यांनी पिंपरी गुंफली: ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’. ज्या भूमीला आपण केवळ कारखान्यांची समजतो, तिच्यात केवढे जग नांदते आहे, याचा हा दाखलाच म्हणायचा.

दुसराही दाखला आहे. भारताच्या प्राणिसर्वेक्षण खात्याचे पश्चिम विभागाचे केंद्र आमच्या आकुर्डीत आहे. रावेतच्या रस्त्याने रोज हजारो माणसे त्यावरून जातात. आत टाचणीला टोचून, चिठ्ठी लावून ठेवलेले किती पतंग आहेत, याचा त्यांना पत्ताही नसतो. या अभ्यासाची परंपरा जुनी आहे. निलगिरीतील चहामळ्याचा व्यवसाय पाहिलेल्या हॅम्प्सन नावाच्या इंग्रजाने हिंदुस्थानातील पतंगांवर चार जाड खंड लिहिले. ते १८९२ ते १८९६ या काळात निघाले. कारवारला वनखात्यात असलेले बेल तर रानातून अळ्या आणून घरी वाढवीत. कोणती अळी काय खाते आणि तिचा कोणता पतंग होतो, हे त्यांनी असे डोळ्यांनी पाहून लिहिले. १९३७ साली स्कॉट यांच्यासह त्यांनी सिद्ध केलेला हॉक मॉथ, म्हणजे ससाण्याच्या वेगाने उडणाऱ्या पतंगांवरचा ग्रंथ, अभ्यासक आजही उघडतात. बेलसाहेब निवृत्तीनंतर कारवारलाच राहिले आणि १९४८ साली तेथेच वारले.

पतंग पाहायला जायचे म्हणजे बैठक फार थोडी लागते. एक जुनी पांढरी चादर, सुतळी, एक दिवा आणि पुष्कळसा अंधार. पहिल्या तीन वस्तू घरात मिळतात. चौथी आमच्याकडे दुर्मिळ झाली आहे. म्हणून आम्ही चाकणच्या पलीकडे जातो. शेजारी एक फोरमन राहतात. त्यांचे मूळ गाव भामचंद्र डोंगराच्या बाजूला. ज्या डोंगरावर तुकोबा एकांतात बसत असे सांगतात, तोच तो डोंगर. त्यांची निम्मी जमीन औद्योगिक वसाहतीत गेली, निम्मी उरली. उरलेल्या निम्म्यावर त्यांचे वडील, आबा, अजून राहतात.

२०२५ साली मोठा योग जुळून आला. आषाढ अमावास्या, म्हणजे आपली दिव्याची आवस, २४ जुलैला आली. अमेरिकेतील न्यू जर्सीच्या पतंगवेड्यांनी २०१२ साली सुरू केलेला आणि आता भारतातही पाळला जाणारा पतंग सप्ताह नेमका त्याच आठवड्यात होता. त्यातून वार गुरुवार; गुरुवारी आमच्या बाजूच्या कारखान्यांना सुट्टी, त्यामुळे फोरमनही मोकळे. घरी समया, निरांजने, लामणदिवा घासूनपुसून पाटावर मांडले होते. कणकेच्या गोड दिव्यांचा समाचार घेऊन आम्ही निघालो.

चंद्र नाही, वारा नाही, पाऊस नुकताच उघडलेला आणि हवेत दमट ऊब: पतंगांना याहून चांगला मुहूर्त नाही. सह्याद्रीची किमयाही येथे कामाला येते. लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. तासा-दीड तासाच्या अंतरावर, आमच्याकडे, तो सात-आठशेवर येतो. एवढ्याशा पट्ट्यात सदाहरित रान, पानगळीची झाडी आणि गवताळ माळ असे तीन प्रदेश शेजारी नांदतात, आणि प्रत्येकाचे पतंग वेगळे.

दोन बाभळींच्या मध्ये चादर ताणली. दिवा लावला. प्रथम आले ते तुडतुडे, मग पंख फुटलेली वाळवी, मग धप्पदिशी आदळणारे भुंगेरे. आबा घोंगडी पांघरून खाटेवर बसले होते. म्हणाले, “मास्तर, याच्यासाठी पेट्रोल जाळून आलात? आम्ही यांच्यावर फवारे मारतो.”

आबांचे म्हणणे खोटे नव्हते. शेतकऱ्याच्या डोळ्यांना पतंग पतंग म्हणून दिसतच नाही. त्याला दिसते ती अळी. हरभऱ्यावरची घाटेअळी, कपाशीवरची बोंडअळी, मक्यावरची लष्करी अळी ही सारी पतंगांचीच पोरे. लष्करी अळी तर अमेरिकेतून निघून २०१८ साली भारतात पोहोचली आणि त्याच वर्षी महाराष्ट्राच्या मक्यात शिरली. बटाटा पोखरणारी पाकोळी १९०६ च्या सुमारास इटलीहून आलेल्या बियाण्याच्या बटाट्यांबरोबर मुंबई इलाख्यात उतरली. चाकणच्या बाजारात बटाट्याचे पोते उघडून पाहणाऱ्या अडत्याला तिची ओळख करून द्यावी लागत नाही.

पण आबांना याहून पुष्कळ ठाऊक होते. शेतात त्यांनी कामगंध सापळे लावलेले. मादीच्या गंधाची गोळी ठेवायची, नर आपोआप चालत येतात. मी त्यांना सांगितले, की रेशमाच्या पतंगाचा हा गंध जर्मन शास्त्रज्ञ बुटेनांट यांनी १९५९ साली वेगळा करून दाखवला, आणि त्यासाठी पाच लाखांच्या आसपास पतंग खर्ची पडले. आबा क्षणभर गप्प राहिले, मग म्हणाले, “एवढ्या वासापायी पाच लाख! आणि आम्हाला मिळते ती गोळी काही रुपयांना!” शास्त्राच्या इतिहासावर याहून नेमका अभिप्राय मी ऐकलेला नाही.

नऊ वाजले आणि चादर भरू लागली. एक पांढरा, तांबड्या-काळ्या ठिपक्यांचा, लग्नातल्या रुमालासारखा; त्याची अळी तागावर आणि खुळखुळ्यावर वाढते. एक वाळलेल्या पानासारखा, देठ आणि शिरांसकट. एक झाडाच्या सालीसारखा. चादरीवर दिसला म्हणून दिसला, बाभळीवर बसता तर हात लावूनही कळला नसता. मग नाजूक, पसरट पंखांचे काही आले. यांच्या अळ्या कमान करून, वितीवितीने चालतात, म्हणून शास्त्रात या घराण्याचे नाव ‘भूमी मोजणारे’ अशा अर्थाचे आहे. हे सांगताच आबा मोठ्याने हसले. “मोजणीवाले म्हणा की! मोजणीवाले शिवारात आले म्हणजे पुढे काय होते, ते आम्हाला विचारा.” फोरमन मात्र हसले नाहीत. समोरच्या अंधारापलीकडे, जेथे त्यांचे जुने शेत होते, तेथे एका कारखान्याच्या दिव्यांचा पांढरा डोंगर उभा होता.

साडेदहाला रसशोष्या आला. पुढचे पंख सुकल्या पानाचे, आणि मागचे उघडले की भगवे. मोसंबीला आणि डाळिंबाला सोंड खुपसून रस पिणारा हाच तो. याची अळी गुळवेलीवर वाढते. २०२० च्या साथीत काढ्यासाठी गॅलरीत गुळवेल लावलेल्या वाचक भगिनींनी वेलीवर डोळ्यांसारखे ठिपके असलेली, अंग दुमडून बसलेली अळी पाहिली असेल, तर ती बहुधा या पाहुण्याचीच. घरात बसूनही ही विद्या येते, हे सांगायचे कारण एवढेच. तगर, कण्हेर, सदाफुली यांच्यावर मोठी हिरवी, पाठीवर दोन निळसर डोळ्यांची अळी दिसली तर तिला मारू नका. थोड्या दिवसांत तिचा हिरव्या संगमरवरासारखा, विमानाच्या घाटाचा पतंग होतो. सह्याद्रीच्या रानातला अ‍ॅटलास पतंग तर वीतभर रुंद. पण पंख फुटल्यावर त्याला तोंडच उरत नाही. अळीपणी खाल्ले त्यावर आठ-दहा दिवस जगायचे, जोडीदार शोधायचा आणि जायचे. संसार एवढा आटोपशीर करता येतो!

पतंग दिव्यावर का येतो, हा प्रश्न मला फार दिवस छळत होता, कारण आमच्या वाङ्मयाने त्याचे उत्तर कधीच देऊन टाकले आहे. गीतेच्या अकराव्या अध्यायात अर्जुनाला विश्वरूपाच्या मुखांत शिरणारे वीर ज्योतीत उडी घेणाऱ्या पतंगांसारखे दिसतात. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने चोवीस गुरू सांगितले. त्यांत पतंग आहे. नाथांनी १५७३ साली काशीत पुरे केलेल्या आपल्या भागवतात त्याचे मर्म मराठीत आणले: रूपाला भुलणारा नाश पावतो. म्हणजे पतंग गुरू खरा, पण कसे वागू नये हे शिकवणारा. मोहाने आंधळा झालेला जीव, ही त्याची शतकानुशतकांची कीर्ती.

२०२४ च्या जानेवारीत सॅम्युएल फेबियन, यश सोंधी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यांनी अतिवेगवान कॅमेऱ्यांनी दिव्याभोवतीचे किडे टिपले. त्यांना दिसले ते असे, की किडा दिव्याकडे झेपावत नाही; तो दिव्याकडे पाठ करतो. कोट्यवधी वर्षे रात्री वरची बाजू, म्हणजे आकाश, ही खालच्या बाजूहून उजळ असत आली. उजेड ज्या बाजूला ती बाजू वर, असे समजून पाठ तिकडे ठेवली की उडणारा जीव सरळ राहतो. जवळ दिवा आला की हा हिशेब फसतो. तो दिव्यालाच आकाश समजून त्याच्याकडे पाठ फिरवत राहतो, आणि म्हणून त्याच्याभोवती गरगरत राहतो.

हे वाचले तेव्हा मला नाथांची आठवण झाली, आणि पतंगाची कीव आली. बिचाऱ्यावर केवढा मोठा आरोप आपण केला! तो भुललेला नसतो. त्याची दिशा चुकलेली असते. मोह त्याचा नाही, खोटे आकाश आपले आहे. नाथांचा उपदेश यामुळे उणा होत नाही. फक्त तो ऐकायचा कोणी, याचा नव्याने विचार करावा लागतो.

साडेअकराला चादर गुंडाळून परत निघालो. चाकणच्या अलीकडे एका कारखान्याच्या फाटकाशी फोरमननी गाडी थांबवली. तेथील पहारेकरी त्यांच्या ओळखीचे. कारखान्याला सुट्टी होती, दिव्यांना नव्हती. रिकामे आवार दिवसासारखे उजळले होते आणि भिंतीवर पतंगच पतंग. ज्याच्यासाठी आम्ही तीन तास चादर धरून बसलो, ते येथे आपसूक मांडून ठेवले होते. पण निम्मे खाली पडलेले, पंख झडलेले.

“मामा, रोज एवढे येतात?” मी विचारले.

“आता कमी म्हणायचे, साहेब. मी नवा आलो तेव्हा सकाळी झाडताना सुपभर निघायचे. आता ओंजळभर.”

मामा बीडकडचे. तीन एकर कपाशी होती. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने मराठवाड्या-विदर्भातली बोंडे आतून खाल्ली, त्यात त्यांचीही गेली. “बोंडअळीने आणले साहेब मला इथे,” ते म्हणाले. स्वरात राग नव्हता. गावाहून गाडी किती वाजता निघाली ते सांगावे, तसे सांगितले. मग बोलता बोलता ते वाकले, जमिनीवर पडलेला एक हिरवा कण्हेरीवरचा पतंग त्यांनी वर्तमानपत्राच्या तुकड्यावर अलगद घेतला आणि फाटकाबाहेर, जेथे उजेड पोहोचत नव्हता तेथे, कण्हेरीच्या फांदीवर सोडून दिला.

“तुमची कपाशी पतंगानेच खाल्ली ना?” मला राहवले नाही.

“तो वेगळा, साहेब. तो दाण्याएवढा असतो. याने माझे काय केले?”

मी बावीस वर्षे वर्गात विवेक या शब्दाचा अर्थ सांगत आलो आहे. त्या रात्री तो पाहिला.

सुपाची ओंजळ का झाली, याचे उत्तर मामांच्या भिंतीवर थोडेबहुत लिहिलेले होते. इंग्लंडमध्ये २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत रस्त्याच्या दिव्यांखालच्या झुडपांत अंधारातल्या झुडपांपेक्षा ४७ टक्के कमी सुरवंट आढळले, गवताच्या कडेला ३३ टक्के कमी. आणि जुन्या पिवळ्या सोडियमच्या दिव्यांपेक्षा नव्या पांढऱ्या दिव्यांचा परिणाम अधिक वाईट दिसला. आमच्याकडे त्यात माळ सपाट होण्याची, झाडी तुटण्याची आणि फवाऱ्याची भर आहे. पतंग गेले तर काय बिघडले, असे कोणी विचारील. चिमणी पिलांना दाणे भरवत नाही, अळ्या-किडे भरवते. वटवाघळे पतंगांवर जगतात. रात्री उमलणाऱ्या पांढऱ्या, सुवासिक फुलांकडे जाणारे यांतलेच. परसातल्या पपईचे फळ धरते तेही पुष्कळदा ससाणा-पतंगांच्या फेरीमुळे. चिमण्या कोठे गेल्या म्हणून हळहळणाऱ्यांनी आधी सुरवंट कोठे गेले ते विचारायला हवे.

कारखान्याचे दिवे माझ्या हातात नाहीत. आमच्या सोसायटीच्या गच्चीवरचा एक होता. आकाशाकडे तोंड करून रात्रभर जळणारा. ऑगस्टच्या सभेत मी तो अकरानंतर बंद करण्याची सूचना मांडली. चोरांचा प्रश्न निघाला, सापाचा निघाला, दुसऱ्या पाळीहून मध्यरात्री परतणाऱ्या मुलांचा निघाला. हा शेवटचा मुद्दा बिनतोड होता. एक वहिनी म्हणाल्या, “सर, किड्यांसाठी आम्ही अंधारात चालायचे का?” शेवटी फोरमननी तोड काढली. दिव्याला पत्र्याची टोपी करून त्याचे तोंड खाली, जिन्याकडे वळवले, आणि जिन्यापाशी माणूस आला की लागेल, गेला की विझेल अशी कळ बसवली. खर्च मामुली आला. विजेचे बिल उतरले, तेव्हा वहिनींचाही राग उतरला.

आता दिवाळी आली. पणत्या लावू नका असे सांगणारा मी कोण? तेलाची पणती तिच्यापुरता उजेड देते आणि मध्यरात्रीच्या आत आपली आपण शांत होते. आपल्या पूर्वजांनी दिव्याला आयुष्य दिले होते, तेही शहाणपणाचेच म्हणायचे. सांगायचे आहे ते त्या दिव्यांबद्दल, जे कोणासाठीच जळत नाहीत. निजण्यापूर्वी घराभोवती एक फेरी मारा आणि असा एखादा विझवा. पुढच्या आषाढात, अमावास्येच्या आसपास, एक पांढरी चादर घेऊन आमच्याकडे या. चाकणच्या पुढे आबांची खाट आहे, दोन बाभळी आहेत, आणि अजून थोडा अंधार शिल्लक आहे.